धोबी तलावची पारसी-इराणी वस्ती पायी बघायची तर क्रम असा ठेवा

मुंबईत मरीन लाइन्सला उतरायचं, थेट इराण्याकडे, म्हणजे इराणी कॅफेत शिरायचं, बन मस्का, खिमा पाव, वर कस्टर्ड असं सगळं हाणायचं आणि मग जड पोटाने ‘चला, आता जरा वस्ती बघू’ म्हणत अकराच्या उन्हात चिराबाजारात घुसायचं. धोबी तलावला येणारे बरेच जण असेच फिरतात. तासाभरात दमतात, आणि परत आल्यावर सांगतात की तिथे बघण्यासारखं फार काही नाही, अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, तर आत सोडतही नाहीत.

त्यांची दिशाच उलटी असते. हा फेरफटका चर्नी रोडला सुरू करून दक्षिणेकडे, म्हणजे धोबी तलावच्या दिशेने करायचा आणि इराणी शेवटी ठेवायचा. चर्नी रोड आणि मरीन लाइन्स ही पश्चिम रेल्वेवरची लागोपाठची स्टेशनं आहेत, त्यामुळे अंतर फार नाही. पण सावकाश चाललात तर दोन-अडीच तास सहज जातात, आणि तेवढे ठेवूनच निघा.

## १. दिवस आणि वेळ आधी ठरवा

सकाळी आठ-साडेआठला चर्नी रोडला पोचायचं. त्याआधी वाड्यांमधली माणसं आपापल्या घाईत असतात, आणि दहानंतर जगन्नाथ शंकरशेट मार्गावर हातगाड्या, टेम्पो आणि ग्राहक यांच्यात चालायला जागा उरत नाही. या हिशेबाने धोबी तलावला पोचेपर्यंत साडेदहा वाजतात. नाश्त्याची गर्दी ओसरलेली आणि जेवणाची अजून न आलेली, असा हा मधला तास इराण्याकडे बसायला सगळ्यात चांगला.

वार शक्यतो कामाचा निवडा. रविवार सगळ्यांना सोयीचा वाटतो, पण त्या दिवशी बाजारातली बरीच दुकानं बंद, चर्चमध्ये मिस्सा, आणि इराण्याच्या दारात टेबलासाठी ताटकळणारी कुटुंबं. सुट्टी फक्त रविवारीच मिळत असेल तर अर्धा तास आधी निघा.

दोन काळ टाळा. एक, ऐन पावसाळ्यातले मुसळधार दिवस. दुसरा, पारसी नवरोजच्या आधीचे मुक्तादचे दिवस. बहुतेक पारशी पाळतात त्या शहेनशाही पंचांगाचं नवं वर्ष ऑगस्टच्या मध्यावर येतं आणि त्याआधीचे दहा दिवस मृतांच्या स्मरणाचे असतात. घरची माणसं फुलं घेऊन अग्यारीत येत-जात असतात. अशा वेळी दाराशी बघ्यांची गर्दी कुणालाच नको असते. वाटेतल्या दादीसेठ आतशबेहराममध्ये (आतशबेहराम म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची अग्यारी) मात्र कदमी हे दुसरं पंचांग पाळतात, आणि ते एक महिना पुढे चालतं. म्हणजे तिथले हे दिवस जुलैतच येऊन जातात.

तपासा: ज्या इराण्याकडे बसायचं आहे तो त्या दिवशी उघडा आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. नकाशावर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका.

## २. निघण्याआधीची तयारी

सामान थोडं आणि मोकळं. जाड तळव्याचे बूट किंवा घट्ट बसणाऱ्या चपला, पाण्याची बाटली, आणि सुट्टे पैसे. आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरून पैसे देता येतात, पण गल्ल्यावर गर्दी असताना रोख देणारा लवकर सुटतो. पाठीवरची मोठी सॅक नको. वाड्यांमध्ये ती कुंड्यांना लागते आणि इराण्याकडे टेबलांच्या मधून जाताना मागच्याच्या चहाला.

उपाशी निघू नका. घरून एखादी पोळी किंवा दोन बिस्किटं खाऊन निघा, म्हणजे वाटेत खाण्याचा मोह होणार नाही.

आता रस्त्यांची नावं. या भागात गोंधळ होतो तो इथेच, कारण पाट्यांवर एक नाव असतं आणि माणसांच्या तोंडी दुसरं. गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्ग. प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामळदास गांधी मार्ग. क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे मार्ग. मेट्रो सिनेमाजवळचा मोठा चौक म्हणजे वासुदेव बळवंत फडके चौक. रस्ता विचारायचा तर जुनं नाव घ्या, फोनवर शोधायचा तर नवं.

सावधान: नुसतं ‘मेट्रो कुठे?’ असं विचारू नका. आता या भागात भुयारी मेट्रोची गिरगाव आणि काळबादेवी ही स्टेशनं आहेत, आणि विचारलेला माणूस तुम्हाला तिकडे धाडेल. ‘मेट्रो सिनेमा’ असं पुरतं म्हणा.

## ३. चर्नी रोड ते खोताची वाडी

स्टेशनच्या पूर्वेला उतरा, महर्षी कर्वे मार्ग ओलांडा आणि आत जगन्नाथ शंकरशेट मार्गावर या. सेंट तेरेसा चर्चची खूण धरून खोताची वाडी शोधा. ही वस्ती पारशांची नाही. इथे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती, आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची घरं आहेत, आणि शेजारी मराठी कुटुंबंही. तरी सुरुवात इथूनच करा. वाडी म्हणजे काय, हे इथे अरुंद गल्लीत, लाकडी जिने आणि पुढे आलेल्या व्हरांड्यांखालून चालताना कळलं की पुढे फणसवाडीतली आणि चंदनवाडीतली रचना आपोआप उलगडते.

वाडीत शिरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हे कुणाचं तरी अंगण आहे. व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या आजोबांचा फोटो ‘नॅचरल’ येतो म्हणून न विचारता काढणं, जिन्याच्या पायरीवर बसून पोज देणं, उघड्या खिडकीतून आत डोकावणं, हे सगळं इथे रोज होतं आणि रहिवासी त्याला विटले आहेत. फोटो काढायला मनाई असल्याची पाटी दिसली तर ती पाळा. पाटी नसेल तरी माणूस दिसला की आधी मान हलवून नमस्कार करा, मग विचारा. नाही म्हणाले तर हसून पुढे चला. मोठ्या घोळक्याने जाऊ नका, चार जण पुष्कळ झाले. आवाजही खाली ठेवा, कारण गल्ली अरुंद असल्यामुळे तुमचं बोलणं वरच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू जातं.

वीस मिनिटं पुरतात. त्यापेक्षा जास्त रेंगाळणारे बहुधा फक्त फोटोच काढत असतात.

## ४. ठाकूरद्वार आणि फणसवाडी

परत मुख्य रस्त्यावर येऊन दक्षिणेकडे चालू लागा. ठाकूरद्वार नाक्यावर पहिली परीक्षा होते. फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम आहे आणि तिथल्या मिसळीचा वास रस्त्यापर्यंत येतो. मिसळ खायची तर बेत बदला आणि इराण्याकडे फक्त चहा घ्या. दोन्ही पोटभर करायला जाल तर पुढची चाल ओझ्याची होईल. मी स्वतः इथे न थांबण्याच्या मताचा आहे. मिसळीसाठी वेगळी सकाळ काढावी.

ठाकूरद्वारच्या पुढे डाव्या हाताला फणसवाडीच्या गल्ल्या लागतात. याच भागात १७८३ सालचा दादीसेठ आतशबेहराम आहे. बालाजीचं देऊळही इथलंच. हिंदू देवळासमोरची फुलांची दुकानं आणि पारशांच्या पूजास्थानाची उंच भिंत एकाच वस्तीत कशी नांदतात, ते पायी फिरतानाच दिसतं. गाडीतून हे दोन वेगळे मोहल्ले वाटतात.

गल्ल्यांत नकाशावरचा निळा ठिपका भरकटतो. अशा वेळी फोनकडे बघत गोल फिरण्यापेक्षा किराणा दुकानदाराला विचारा. पत्ता विचारताना ‘अग्यारी’ म्हणा. आतशबेहरामालाही बाहेरची माणसं बोलताना अग्यारीच म्हणतात.

तपासा: गल्लीतून बाहेर पडताना तुम्ही पुन्हा जगन्नाथ शंकरशेट मार्गावर आला आहात ना? उलट्या बाजूने निघालात तर काळबादेवी रोडला पोचाल आणि पुढचा क्रम बिघडेल.

## ५. आतशबेहराम: बाहेर थांबून बघण्याची रीत

या फेरफटक्यात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू.

पारशांच्या पवित्र अग्नीच्या तीन पायऱ्या असतात आणि आतशबेहराम ही सगळ्यात वरची. भारतात असे आठच आहेत: मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाड्याला एकेक. मुंबईचे चारही याच पट्ट्यात आहेत: फणसवाडीचा दादीसेठ, प्रिन्सेस स्ट्रीटचा वाडियाजी (१८३०), चर्नी रोडच्या बाजूचा बनाजी (१८४५) आणि चंदनवाडीचा अंजुमन (१८९७). चारही बघायचा हट्ट धरू नका. आपल्या वाटेवर दादीसेठ, अंजुमन आणि वाडियाजी हे तीन येतात, तेवढे पुरे.

बिगर-पारशांना आत प्रवेश नाही. ‘फक्त एक मिनिट’, ‘आवारातूनच बघतो’, ‘आम्ही लांबून आलोय’ यातलं काहीही चालत नाही, आणि दाराशी बसलेल्या माणसाला हे पुन्हा पुन्हा सांगायला लावणं बरं दिसत नाही. तेव्हा विचारूच नका. समोरच्या फुटपाथवर उभे राहा. तिथून दर्शनी भाग पुरता दिसतो, दाराला चिकटून उभं राहिल्यावर दिसत नाही.

काय बघायचं? दारावर किंवा कमानीवर पंख पसरलेली मानवाकृती, म्हणजे फरवहर, शोधा. जुन्या इराणी राजवाड्यांच्या धाटणीचे खांब बघा. काही अग्याऱ्यांच्या दाराशी माणसाचं डोकं आणि बैलाचं धड असलेले पंखधारी पुतळे असतात, तसे कुठे आहेत का ते न्याहाळा. मग नजर खाली आणा. सुखड, म्हणजे चंदनाच्या काड्या, विकणारे बाहेर बसलेले दिसतील. अग्नीला अर्पण करण्यासाठी येणारी माणसं त्या घेऊन आत जातात. पांढरी डगली आणि डोक्याला फेटा किंवा टोपी घातलेले दस्तूर-मोबेद, म्हणजे पारशी धर्मगुरू, येताना-जाताना दिसले तर वाट सोडा.

आत जाण्याआधी भाविक हात-तोंड धुऊन कमरेची कुस्ती, म्हणजे पवित्र दोरा, सोडून पुन्हा बांधतात आणि प्रार्थना म्हणतात. हे कधी कधी बाहेरूनही दिसतं. तिकडे कॅमेरा रोखू नका, टक लावूनही बघू नका. इमारतीचा फोटो काढायचा तर माणसं चौकटीत नसताना, रस्त्यापलीकडून. दार उघडं असेल तर आतल्या बाजूचा फोटो मुळीच नाही.

सुखड घरी आठवण म्हणून विकत घ्यायचीही काही गरज नाही. ती उपासनेची वस्तू आहे.

अंजुमन आतशबेहराम बघताना आणखी एक भान ठेवा. चंदनवाडीत हिंदूंची स्मशानभूमी आहे, त्यामुळे या रस्त्यावर अंत्ययात्रा नेहमी असतात. समोरून आली तर बाजूला थांबा, बोलणं बंद करा, फोन खिशात.

सावधान: एखादे पारसी काका-काकी स्वतःहून बोलले तर बोला, पण पहिल्याच वाक्यात गिधाडं, दोखमा (मृतदेह ठेवण्याचा मनोरा) आणि ‘तुमची संख्या किती राहिली’ हे विषय काढू नका. ही चौकशी त्यांनी आयुष्यभर ऐकलेली असते. ‘हॅपी पतेती’ ही शुभेच्छाही नको. पतेती हा नव्या वर्षाच्या आधीचा, पश्चात्तापाचा दिवस. शुभेच्छा द्यायच्या त्या नवरोजला.

## ६. प्रिन्सेस स्ट्रीट

इथे रस्ता रुंद आणि वाहनं वेगात. मरीन ड्राइव्हकडचा उड्डाणपूल याच रस्त्यावर उतरतो आणि उतारावरून येणाऱ्या गाड्या सिग्नल सुटला की थांबत नाहीत. मध्येच ओलांडू नका. चौकापर्यंत जाऊनच पलीकडे व्हा.

वाडियाजी आतशबेहराम समोरच्या बाजूने बघून झाला की पारसी डेअरीचं दुकान शोधा. १९१६ सालची ही डेअरी. इथली माव्याची बोई, म्हणजे माशाच्या आकाराची मिठाई, पारसी घरांत शुभप्रसंगी लागते. घ्यायची असेल तर आत्ता घ्या, कारण परत या बाजूला येणं होत नाही. कुल्फी मात्र आत्ता नको. पुढे चहा आहे.

## ७. धोबी तलाव नाका

मेट्रो सिनेमा दिसला की पोचलात. तलाव शोधू नका, तो केव्हाच बुजवला आहे.

चौकाच्या कोपऱ्यावर जेर महाल ही जुनी, लांबलचक इमारत आहे. खाली दुकानं, वाद्यं, आणि पलीकडच्या रस्त्यावर खेळाचं सामान व ढाली-चषक विकणारे. वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावांचे ‘कूड’ आहेत. जहाजावर नोकरी करणारे किंवा कामासाठी मुंबईत आलेले गोंयकार आपापल्या गावाच्या कूडात उतरतात. बाहेरून गावांच्या नावांच्या पाट्या वाचा आणि तिथेच थांबा. वर माणसं राहतात, झोपतात. ओळखीचं कुणी नेत नसेल तर जिना चढू नका.

तपासा: घड्याळात साडेदहा ते अकराच्या दरम्यान वाजले आहेत ना? साडेबारा वाजले असतील तर थेट जेवणाच्या गर्दीत सापडाल. मग बसण्यापेक्षा गल्ल्यावरून पार्सल घ्या.

## ८. इराण्याकडे

नाक्यावर दोन चांगले पर्याय आहेत: जेर महालमधलं कयानी (१९०४), आणि मरीन लाइन्सच्या बाजूला थोडं आत गेल्यावर ससानियन (१९१३). एकच निवडा. दोन्हीकडे ‘थोडं थोडं’ खायचं म्हणणारे दोन्हीकडे घाई करतात. पहिल्यांदा येत असाल तर कयानी वाटेवरच पडतं. गर्दी बघून अंगावर काटा आला तर ससानियन.

बसण्याचा क्रम. आत शिरून आधी टेबल बघा, बेकरीच्या काचेसमोर रेंगाळू नका. चौघांच्या टेबलावर दोघंच असाल आणि गर्दी असेल तर अनोळखी माणूस समोर येऊन बसेल, त्यात गैर काही नाही. तुम्हीही ‘बसू का?’ विचारून बसू शकता. बसल्यावर वेटर येईल तेव्हा ऑर्डर तयार ठेवा. तो मेनूतली प्रत्येक ओळ समजावून सांगायला थांबत नाही.

काय मागवायचं. आधी चहा आणि ब्रून मस्का. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव, बन म्हणजे मऊ, किंचित गोड. पहिल्यांदा येणारे बन मागवतात, पण चहात बुडवायला ब्रूनच खरा. बन चहात लगेच विरघळतो. ब्रून कापून मस्का लावून येतो, त्याचा तुकडा चहात टाकू नका, धरून एक क्षण बुडवा आणि लगेच तोंडात. सुका खाल्लात तर टाळू सोलून निघते. चहा गोडच येतो. साखर कमी किंवा दूध जास्त हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. ‘पानी कम’ म्हटलं की दाट, दुधाळ चहा मिळतो.

यानंतर भूक बघून एकच पोटभरीची गोष्ट: खिमा पाव, किंवा अकुरी. अकुरी म्हणजे मसालेदार, मऊसर ठेवलेली अंडा भुर्जी. सल्ली पर एडू मिळत असेल तर तेही बघा. तळलेल्या बटाट्याच्या काड्यांवर अंडं, वेगळंच लागतं. सगळं एकदम मागवू नका. टेबल लहान असतं आणि ब्रून गार झाला की संपला.

शाकाहारी असाल तर. मावा केक आणि कॅरमल कस्टर्ड यांत अंडं असतं. पॅटिस घेताना आत काय आहे ते विचारा, कारण चिकन आणि भाजी दोन्हींची पॅटिस बाहेरून सारखीच दिसतात. स्वयंपाकघर एकच असतं. हे चालत नसेल तर चहा, ब्रून मस्का आणि खारी एवढ्यावरच राहा, आणि मस्का पावातही अंडं नाही ना, हे एकदा विचारून खात्री करा.

बोलणं. गल्ल्यावरच्या मालकाला ‘बावा’ म्हणून हाक मारू नका, सिनेमातल्या पारशाची गुजराती नक्कल तर नकोच. ‘शेठ’ किंवा ‘अंकल’ पुरे. आणि तो पारशी असेलच असं धरून चालू नका. हे कॅफे चालवणारे बरेचसे इराणी झोराष्ट्रियन, म्हणजे धर्म पारशांचाच, पण इराणमधल्या याज्द आणि केरमानकडून गेल्या दीड-दोनशे वर्षांत आलेल्या कुटुंबांतले. काही इराणी मुसलमानही आहेत. बंद पडलेल्या इराण्यांबद्दल हळहळ त्यांच्यासमोर व्यक्त करण्यापेक्षा चहा चांगला झालाय एवढं सांगा.

बिल. वेटर चिठ्ठी देईल, पैसे बहुधा गल्ल्यावर द्यायचे. वेटरसाठी थोडे सुट्टे टेबलावर ठेवा. पोटं भरल्यावर टेबल अडवून फोटो निवडत बसू नका. रांगेतले लोक तुमच्याकडेच बघत असतात.

## ९. निघताना

बेकरीची खरेदी आता. खारी, नानखटाई, ब्रून, मावा केक यांतलं काय त्या दिवशी ताजं आहे ते काचेसमोर उभ्या माणसाला विचारा. खारी पिशवीत सगळ्यात वर ठेवा, लोकलमध्ये तिचा चुरा होतो. मावा केक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवा.

   

परतीला मरीन लाइन्स जवळ पडतं. मध्य रेल्वेने जायचं असेल तर सीएसएमटीलाही पायी जाता येतं. पाय अजून चालत असतील तर क्रॉस मैदानाच्या कडेने चर्चगेटकडे निघा. तिथे १७२५ सालची भीखा बेहरामची विहीर आहे. आत फक्त झोराष्ट्रियनांना प्रवेश, तेव्हा कुंपणाबाहेरूनच बघा आणि चर्चगेटची लोकल पकडा. तिथून सुटणारी असल्यामुळे बसायला जागा मिळते आणि खारीही शाबूत राहते.